विश्लेषण : कालचा ‘मी’ आणि आजचा ‘मी’ एकच कशावरून?

डहाणू-तलासरी भागातले अनेक तरुण गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रातली हद्द डोळ्यांना दिसत नाही. बोट पलीकडे गेली किंवा गेल्याचा ठपका बसला की पाकिस्तानची यंत्रणा तिला ताब्यात घेते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात जातात. काही वर्षांनी सुटका होते, वाघा सीमेवरून ते भारतात येतात आणि रेल्वेने, बसने घरी पोहोचतात. गेला तेव्हा रांगणारे मूल आता शाळेत जाते आणि बापाला ओळखत नाही. बाप बारीक झालेला, केस पिकलेले, बोलणे कमी झालेले. घरचे म्हणतात, ‘आपला माणूस आला’. चार दिवसांनी तेच घरचे म्हणतात, ‘हा पूर्वीचा राहिलाच नाही’.

ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी असू शकतात? काळ बदलतो, शरीर बदलते, स्वभाव बदलतो, आठवणी पुसल्या जातात. तरीही माणूस ‘तोच’ राहतो, तो नेमका कशामुळे? तत्त्वज्ञानात या प्रश्नाला व्यक्तिगत अभिन्नतेचा प्रश्न म्हणतात. तो पोथीपुरता नाही. वारसाहक्क, शिक्षा, इच्छापत्र, स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांचे उपचार अशा अनेक ठिकाणी तो घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

‘हुबेहूब’ आणि ‘तोच’ यांत फरक काय?

चिंचणी आणि आसपासच्या गावांत दागिन्यांच्या डाय कोरण्याचा घरगुती उद्योग आहे. लोखंडी ठोकळ्यावर कारागीर नक्षी कोरतो आणि त्या डायवर पत्रा ठोकला की नक्षी उमटते. एकाच डायमधून शंभर पाने निघाली, तर ती सगळी हुबेहूब सारखी असतात. पण ती शंभर आहेत, एक नाही. त्यातले एक हरवले, तर ‘तसेच’ दुसरे मिळेल, ‘तेच’ मिळणार नाही.

उलट ती डाय पाहा. वर्षानुवर्षे ठोके खाऊन तिच्या कडा झिजतात, नक्षी पुसट होते. नवी होती तशी ती आता दिसत नाही. तरीही ती ‘तीच’ डाय आहे.

म्हणजे सारखे असणे वेगळे आणि तेच असणे वेगळे. सारखेपणा नसतानाही तेचपणा टिकू शकतो, आणि सारखेपणा पूर्ण असूनही तेचपणा नसू शकतो. माणसाबाबत हा तेचपणा कशात असतो, एवढाच मूळ प्रश्न आहे.

नाव बदलले तर माणूस बदलतो का?

या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे आणि त्याचा पुरावा चिंचणीतच सापडला. विसाव्या शतकाच्या मध्यात येथे काही जुने ताम्रपट मिळाले. दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. त्यातला शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. त्यात संयान म्हणजे आजच्या संजाण प्रांताच्या कारभाऱ्याचा उल्लेख आहे. तो ताजिक, म्हणजे अरब होता. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे येते आणि सुगतिप असे दुसरे नावही येते. ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’चे संस्कृत वळण असावे, असे सरकार यांचे मत होते.

नावे अनेक, माणूस एक. गावाचेही तसेच. चिंचणी १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, त्या दिवसापासून पालघर जिल्ह्यात आले. पत्ता बदलला, गाव तेच राहिले. तेव्हा नाव हे ओळखीचे लेबल आहे, अभिन्नतेचे कारण नाही. कारण शोधायचे तर शरीर, स्मृती, आत्मा अशा गोष्टींकडे जावे लागते.

शरीर तेच म्हणून माणूस तोच?

व्यवहारात आपण हेच धरून चालतो. चेहरा, जन्मखूण, बोटांचे ठसे, डीएनए या सगळ्या शरीराच्या खुणा आहेत. प्राचीन भारतातले चार्वाक तर म्हणत की देहाहून वेगळा ‘मी’ असतच नाही. आजच्या तत्त्वज्ञांत एरिक ओल्सन यांनी १९९७ मध्ये याच अंगाने मांडणी केली. आपण मुळात एक जिवंत प्राणी आहोत आणि तो प्राणी जगत आहे तोवर आपण आहोत. आठवणी गेल्या तरी हरकत नाही.

पण शरीर तरी ‘तेच’ कुठे राहते? ग्रीकांनी हा प्रश्न थिसियसच्या जहाजावरून विचारला. कुजलेली एकेक फळी बदलत गेलो आणि शेवटी एकही मूळ फळी उरली नाही, तर ते जहाज तेच का? चिंचणीहून खाडीपलीकडे पाहिले की या प्रश्नाचे आधुनिक रूप दिसते. तारापूर अणुवीज केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट होती, ती पुढे १६० मेगावॉट करण्यात आली. इतक्या वर्षांत यंत्रभाग बदलले, माणसांच्या पिढ्या बदलल्या आणि २०२० मध्ये दोन्ही अणुभट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या. तरीही त्यांना कुणी नव्या अणुभट्ट्या म्हणत नाही. कारण बदल टप्प्याटप्प्याने झाला, रचना आणि काम यांचा धागा तुटला नाही.

माणसाच्या शरीरातही असेच चालते. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात. मात्र ‘दर सात वर्षांनी सगळे शरीर नवे होते’ ही ऐकीव गोष्ट खरी नाही. मेंदूच्या बाह्यपटलातल्या बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात. म्हणून शरीरवाद्यांचे म्हणणे असे की प्रत्येक कण टिकण्याची गरज नाही, जिवंत प्रक्रियेचे सातत्य टिकले म्हणजे झाले.

पेशव्यांसमोर हाच प्रश्न कसा आला?

मराठी इतिहासात या प्रश्नाने राज्य हलवले होते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृतदेहाच्या ओळखीबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू अखेरपर्यंत मान्य केला नाही, असे इतिहास सांगतो. अशा वातावरणात काही वर्षांतच ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक माणूस पुढे आला. रूपाने तो भाऊंशी मिळताजुळता होता. भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांकरवी चौकशी झाली, तो उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण सुखनिधान असल्याचे ठरले आणि त्याला कैदेत टाकण्यात आले.

पुढे १७७६ मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला. कोकणात हजारो लोक त्याच्या झेंड्याखाली जमले, किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर पुणे दरबाराच्या फौजांनी त्याचा मोड केला, तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहांत शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच घटनेवर लिहिले.

या प्रकरणात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले होते. एक, हा माणूस भाऊ आहे हे ‘ओळखायचे कसे’? दुसरा, हा माणूस भाऊ ‘असणे म्हणजे काय’? पहिला प्रश्न पुराव्याचा आहे, दुसरा तत्त्वाचा. चेहऱ्याने लोकांना फसवले, कारण चेहरा हा पुरावा आहे, अभिन्नता नाही. पण समजा, त्या माणसाला भाऊंच्या मनातली प्रत्येक आठवण आतून आठवत असती तर? किंवा उलट, खरेच भाऊंचे शरीर परतले असते पण त्याला एकही आठवण नसती तर? दरबाराने कोणाला भाऊ म्हटले असते?

दुसरी कल्पना बंगालात प्रत्यक्ष घडली. भवाल संस्थानाचा कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला मरण पावल्याचे जाहीर झाले होते. १९२१ मध्ये ढाक्याला आलेला एक संन्यासी तोच कुमार असल्याचा दावा पुढे आला. आपली स्मृती मधल्या काळात गेली होती, असे त्याचे म्हणणे होते. शरीरावरच्या खुणा आणि ढीगभर साक्षी तपासून १९३६ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही तो कायम ठेवला. स्मृतीला खंड पडलेला असला तरी शरीराच्या सातत्यावर माणूस ‘तोच’ ठरला.

आठवणीच माणसाला ‘तो’ बनवतात का?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ मध्ये नेमके उलटे म्हटले. त्याची कल्पना अशी. एका राजपुत्राची जाणीव, सगळ्या आठवणींसह, एका चांभाराच्या शरीरात शिरली, तर तो माणूस शरीराने चांभार दिसेल, पण व्यक्ती म्हणून राजपुत्रच असेल. राजपुत्राने केलेल्या कृत्यांची जबाबदारीही त्याचीच. लॉकच्या मते जाणीव जिथवर मागे पोहोचते, तिथवर ‘मी’ पोहोचतो.

महाराष्ट्रात १९७४ मध्ये असेच वाटावे असे एक प्रकरण गाजले. नागपूरची एक सुशिक्षित मराठी महिला मधूनमधून बंगाली बोलू लागली. त्या अवस्थेत ती स्वतःला दीडशे वर्षांपूर्वीची बंगाली स्त्री म्हणवून घेई आणि घरच्यांना ओळखत नसे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला आणि पुनर्जन्माची शक्यता मांडली. टीकाकारांनी दाखवून दिले की तिने पूर्वी बंगालीचे थोडे धडे घेतले होते आणि दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे स्पष्टीकरण पुरेसे ठरते. वाद बाजूला ठेवला, तरी लॉकला अडचण होतेच. एका शरीरात आळीपाळीने दोन जाणिवा असतील, तर त्या घरात राहणाऱ्या व्यक्ती किती? एक की दोन?

स्मृतीच्या सिद्धांतावर सर्वांत नेमका घाव स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडने १७८५ मध्ये घातला. त्याचा दाखला डहाणूच्या मातीत आणून पाहता येईल. एका मुलाने चिकूच्या वाडीत चोरी केली आणि मार खाल्ला. तिशीत तो बोटीचा तांडेल झाला, तेव्हा त्याला तो मार आठवत होता. ऐंशीव्या वर्षी त्याला तांडेलकीचे दिवस आठवतात, पण चिकूची चोरी अजिबात आठवत नाही. लॉकच्या नियमाने म्हातारा म्हणजे तांडेल, तांडेल म्हणजे मुलगा, पण म्हातारा म्हणजे तो मुलगा नाही! अ आणि ब एक, ब आणि क एक, मग अ आणि क वेगळे कसे?

यावर लॉकच्या अनुयायांनी सुधारणा केली. थेट आठवण आवश्यक नाही, एकमेकांत गुंतलेल्या आठवणी, हेतू, सवयी यांची साखळी पुरे. दोरखंडातला एकही धागा टोकापासून टोकापर्यंत जात नाही, तरी दोरखंड एकच असतो.

भारतीय परंपरेत काय वाद झाला?

न्यायदर्शनाने प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ओळख पटण्याचा आधार घेतला. ‘जे मी काल पाहिले, त्यालाच आज हात लावत आहे’ असे म्हणता यायचे, तर पाहणारा आणि स्पर्श करणारा एकच हवा. डोळा आणि हात वेगळे, काल आणि आज वेगळे, तेव्हा त्या सर्वांना जोडणारा टिकाऊ आत्मा मानावा लागतो. गीतेतल्या जीर्ण वस्त्रांच्या दृष्टांतामुळे हा विचार घराघरात आहे.

बौद्धांनी हेच नाकारले. पालघर जिल्ह्यातले सोपारा हे जुने बौद्ध केंद्र. तेथे अशोकाच्या लेखांचे तुकडे मिळाले आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. बौद्ध परंपरेतल्या ‘मिलिंदपन्ह’ ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का? एकही नाही, आणि त्यांच्याहून वेगळेही काही नाही. सुट्या भागांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. माणूसही तसाच. मग लहानपणीचा आणि मोठेपणीचा माणूस एकच का? नागसेन दिव्याचे उदाहरण देतो. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी आणि तिसऱ्या प्रहरी तीच नसते, पण वेगळीही म्हणता येत नाही. एकातून दुसरी पेटत जाते.

युरोपात डेव्हिड ह्यूमने जवळपास हाच विचार १७३९ मध्ये मांडला. चिमाजी अप्पांच्या फौजांनी पोर्तुगीजांकडून तारापूरचा किल्ला घेतला, तेच हे वर्ष. ह्यूम म्हणाला, आत डोकावून पाहिले तर थंडी, ऊन, राग, प्रेम अशा एकेक संवेदना सापडतात, त्यांच्यामागे बसलेला ‘मी’ मात्र सापडत नाही.

‘मी’ची प्रत काढता आली तर?

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये एक काल्पनिक यंत्र मांडले. यंत्र तुमच्या शरीराचा कण न् कण नोंदवते, इथले शरीर नष्ट करते आणि मंगळावर हुबेहूब तसे शरीर तयार करते. त्याला तुमच्या सगळ्या आठवणी आहेत. तुम्ही प्रवास केलात की मेलात? आता समजा यंत्र बिघडले आणि इथले शरीर नष्ट झालेच नाही. दोघेही ‘मीच तो’ म्हणतात. दोघे एक असू शकत नाहीत, हे डायच्या उदाहरणाने आधीच स्पष्ट झाले. मग स्मृतीची पूर्ण साखळीही अभिन्नतेला पुरेशी नाही.

पार्फिट यांचा निष्कर्ष धक्कादायक होता. ‘तोच की वेगळा’ या प्रश्नाला दर वेळी हो-नाही उत्तर असेलच असे नाही आणि ते नसले तरी बिघडत नाही. महत्त्व आहे ते सातत्याला, आणि सातत्य कमीजास्त असू शकते. चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वतःशी आपले नाते हे काही अंशी दूरच्या नातलगासारखे असते.

न्यायालये काय म्हणतात?

कायद्याने स्मृतीपेक्षा शरीराच्या सातत्यावर भर दिला आहे, पण आंधळेपणाने नाही. अमेरिकेत व्हर्नन मॅडिसन या फाशीच्या कैद्याला पक्षाघातांनंतर आपला गुन्हाच आठवत नव्हता. लॉकच्या तर्काने तो सुटला असता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की केवळ गुन्हा न आठवणे हे फाशी टाळण्याचे कारण नाही. मात्र शिक्षा का होत आहे हे समजण्याची शक्तीच हरवली असेल, तर फाशी देता येणार नाही.

त्याच वर्षी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात, आरोपीचे नाव जाहीर न करता, शिक्षा झाल्यानंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजाराचा विचार करून फाशीची जन्मठेप केली. माणूस तोच आहे म्हणून शिक्षा राहिली, पण पूर्वीसारखा उरला नाही म्हणून ती सौम्य झाली. घरच्यांची दोन वाक्ये न्यायालयानेही आपल्या भाषेत म्हटली.

बेपत्ता माणसाबाबतही कायदा व्यवहारी आहे. ज्यांना एरवी खबर लागली असती, अशा लोकांना सात वर्षे एखाद्याची खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. हा नियम जुन्या पुरावा कायद्यात होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण ते केवळ गृहीतक आहे. माणूस दारात उभा राहिला की ते गळून पडते.

सामान्य कुटुंबाला याचा काय उपयोग?

सर्वांत जास्त उपयोग आहे तो स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात, बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत कृत्रिम जीवरक्षक उपचार नकोत, असे आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. मानसिक उपचारांबाबत अशीच सोय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे.

आता समजा, एका शिक्षिकेने साठाव्या वर्षी लिहिले, ‘मला काही कळेनासे झाले तर उपचार लांबवू नका’. पंच्याहत्तराव्या वर्षी तिला मुलांची नावे आठवत नाहीत, पण रोज सकाळी ती ओट्यावर उन्हात बसते, जुने गाणे लागले की हसते. तिला न्यूमोनिया झाला. मुलांनी कोणाचे ऐकायचे, लिहिणाऱ्या आईचे की हसणाऱ्या आईचे? अमेरिकी विचारवंत रोनाल्ड ड्वॉर्किन यांच्या मते, आयुष्याला आकार देणाऱ्या पूर्वीच्या व्यक्तीच्या इच्छेला मान हवा, कारण आयुष्य एकच आणि तिचेच आहे. रेबेका ड्रेसर यांनी विरोध केला. समोर आहे ती आजची व्यक्ती, आणि तिचे हित कालच्या कागदाने ठरवता येत नाही. दोघांच्या मागे अभिन्नतेचे दोन वेगळे सिद्धांत उभे आहेत.

येथे मार्या शेख्टमन यांची १९९६ मधली मांडणी मदतीला येते. त्यांच्या मते व्यक्ती म्हणजे स्वतःच्या आयुष्याची एक सलग कहाणी. ही कहाणी माणूस एकटा सांगत नाही, भोवतालचे लोकही ती धरून ठेवतात, हे अशा आजारात विशेष दिसते. आईला स्वतःचे नाव आठवत नसले, तरी मुलांना तिचा आवडता पदार्थ, तिचा राग, तिची शिस्त आठवते. ती कहाणी तुटू नये म्हणून ती आहे तोवर ते हाक मारत राहतात. तेव्हा कागद करतानाच ‘काही कळेनासे होणे’ म्हणजे नेमके काय, आनंदात असले तर काय करायचे, निर्णय कोणी घ्यायचा हे घरात बसून बोलून घेणे उपयोगाचे ठरते.

मग अंतिम उत्तर काय?

एकमत नाही. तरी एवढे सांगता येते की शरीर, स्मृती आणि कहाणी हे तीन धागे बहुतेक आयुष्यात एकत्र चालतात, म्हणून प्रश्न पडत नाही. एखादा धागा तुटला की प्रश्न उभा राहतो, आणि कशासाठी विचारत आहोत यावर उत्तर ठरते. वारसाहक्कासाठी शरीराची ओळख पुरते. शिक्षेसाठी समज लागते. उपचारांसाठी कालची इच्छा आणि आजचे सुख दोन्ही पाहावे लागते.

तुरुंगातून परतलेल्या खलाशाच्या घरीही हेच होते. शिधापत्रिकेला, बँकेला तो तोच माणूस आहे आणि त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्याच्या मुलाला मात्र कागद पुरत नाही. मधली वर्षे त्याला कोणीतरी सांगावी लागतात आणि बापालाही ती ऐकून घ्यावी लागतात. ‘तोच माणूस’ परत यायला सीमेवरून घरापर्यंतच्या प्रवासापेक्षा जास्त दिवस लागतात, हे घरच्यांनी आधीच धरून चालले तर दोघांनाही सोपे जाते.